गेमिंग कॉम्प्युटर घेताय? आधी चिठ्ठी नीट वाचा



एरवी मी इथे निबंध आणि पाठांची टिपणं देते. आज विषय जरा वेगळा आहे. पण परीक्षा संपत आल्यात, सुट्टी लागेल, आणि "पप्पा, गेमिंग पीसी घ्या ना" हे वाक्य घरोघरी ऐकू येईल, म्हणून आत्ताच लिहिते.

मी प्राथमिकची शिक्षिका. डीएड झाल्यावर सगळ्यांसारखं एमएस-सीआयटी केलं. त्यात वर्ड शिकलो, एक्सेल शिकलो, पण कॅबिनेट उघडून आत काय असतं ते कुणी दाखवलं नाही. तरी शाळेतली यूडायसची माहिती मी भरते, एवढ्यावर मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असा नवघरमधल्या निम्म्या पालकांचा समज आहे. त्यामुळे २०२४ च्या एप्रिलमध्ये माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील शाळेत आले. मुलगा माझ्याकडे चौथीला होता, तेव्हा त्याची सातवी संपत होती. वडील इथेच भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करतात. भिशी लागली होती, हातात ४२ हजार होते. खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढून म्हणाले, "मॅडम, दुकानवाल्याने ३८ मध्ये सांगितलाय. आय-सेव्हन आहे. लाईटवाला आहे. घेऊन टाकू ना?"

चिठ्ठीवर होतं: आय-७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, १ टीबी, आरजीबी कॅबिनेट, २० इंची मॉनिटर. सगळे आकडे मोठे. प्रोसेसरचा पूर्ण नंबर नाही, कार्डाचं नाव नाही, एसएमपीएसचा तर उल्लेखच नाही.

ती चिठ्ठी बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण अगदी तशीच चिठ्ठी मी २०२१ मध्ये घेतली होती. लॉकडाऊनमध्ये भाच्याच्या ऑनलाइन शाळेसाठी ताईने ३२ हजार माझ्या हातात दिले, "तुला कळतं, तूच आण" म्हणाली. मी ओळखीच्या दुकानातून 'आय-सेव्हन' आणला. दहा महिन्यांनी एका संध्याकाळी फट्‌ असा आवाज आला, जळका वास आला आणि सगळं बंद. एसएमपीएस गेला, जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. पावती कच्ची होती, म्हणजे वॉरंटी शून्य. दुसऱ्या दुकानात दाखवल्यावर कळलं की तो आय-७ २६०० होता, जानेवारी २०११ मध्ये बाजारात आलेला. आम्ही दहा वर्षं जुना प्रोसेसर नव्या डब्यात घालून आणला होता. ताई काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून माझं मत सरळ सांगते. मुलाने गेमिंग कॉम्प्युटर मागितला तर लगेच 'नाही' म्हणू नका. पण तयार डबाही उचलून आणू नका. मुलालाच कागद-पेन्सिल घेऊन बसवा, एकेक भाग का घ्यायचा ते त्याच्याकडून लिहून घ्या, आणि मगच घराबाहेर पडा.

आता चिठ्ठी कशी वाचायची ते बघू. आय-३, आय-५, आय-७ हे ऐकून आपल्याला वाटतं की सात म्हणजे तीनपेक्षा चांगला. पण त्या पुढचा नंबर खरा. २६०० मधला पहिला २ म्हणजे दुसरी पिढी. १२१०० मधले १२ म्हणजे बारावी पिढी, हा प्रोसेसर २०२२ चा. दोघांनाही चार कोअर, आठ थ्रेड. तरी बारावीतला आय-३ दुसरीतल्या आय-७ ला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, आणि विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. म्हणजे स्वस्तातला जुना आय-७ आज घेतला तर पहिल्या दिवसापासून अडचण.

शेवटचं अक्षरही वाचा. आपण वर्गात शिकवतो ना, दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, एका वेलांटीने अर्थ बदलतो. इथे तसंच आहे. इंटेलच्या १२१०० च्या पुढे 'एफ' असेल तर त्यात चित्र दाखवायची सोय नाही, वेगळं ग्राफिक कार्ड घ्यावंच लागतं. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्ये ती सोय नाही, पण ५६००जी मध्ये आहे. एक 'जी' विसरलात तर घरी आल्यावर काळा पडदा.

आणि ते '४ जीबी ग्राफिक कार्ड'. मी त्या वडिलांना दुकानात फोन करून कार्डाचं नाव विचारायला लावलं. उत्तर आलं, जीटी ७३०. हे कार्ड २०१४ सालचं. ४ जीबी हा त्याच्या मेमरीचा आकार झाला, वेग नव्हे. मोठं दप्तर पाठीवर घेतलं म्हणून पोर जोरात पळत नाही. ५६००जी च्या पोटात फुकट मिळणारं ग्राफिक्स या कार्डापेक्षा बरंच पुढचं आहे.

आमचा तो मुलगा समोर बसला होता. त्याला विचारलं, तुला खेळायचंय काय? माइनक्राफ्ट, व्हॅलोरंट आणि जीटीए ५, अशी यादी आली. जीटीए मोठ्या माणसांसाठीचा गेम आहे, तो अठराच्या पुढचा. वडिलांना हे माहीतच नव्हतं. तो खोडला. (तो मित्राकडे खेळत असणार, एवढी मीही भोळी नाही.) उरलेल्या दोघांना महागडं कार्ड लागत नाही. त्यामुळे ठरलं असं: आत्ता कार्ड घ्यायचंच नाही. ५६००जी घ्यायचा, आणि पुढे कार्ड बसवता येईल अशी बाकीची जागा करून ठेवायची. ४०-४५ हजारांत बसणाऱ्या कुटुंबाला मी आजही हाच रस्ता सांगते. हलकं कार्ड घेण्यात पैसे घालवणं म्हणजे दोन वर्षांनी परत पैसे घालवणं.

रॅमबद्दल एक गोष्ट त्या मुलाला फार आवडली. १६ जीबीची एक पट्टी घ्यायची की ८-८ च्या दोन? बेरीज सारखीच. पण प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी नसल्यामुळे हीच रॅम वापरतं. डीडीआर४ ३२०० च्या एका पट्टीतून सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहू शकते, दोन पट्ट्या जोडीने लावल्या तर ५१.२. टाकी तेवढीच, पण नळ दोन. आमच्याकडे पाण्याची वेळ ठरलेली असते, त्यामुळे हे उदाहरण कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

भांडण झालं ते एसएमपीएसवरून. हा डब्यातला वीज पुरवणारा भाग. स्वस्त कॅबिनेटबरोबर बऱ्याचदा तो 'फ्री' येतो, वर ४५० वॅट छापलेलं असतं. मी म्हटलं, ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ, नामांकित कंपनीचा घ्यायचा. ८० प्लस म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के तरी कामाला लागते, बाकीची उष्णता होते. ब्राँझ म्हणजे त्याहून थोडा वरचा. किंमत चार हजारांच्या पुढे. वडील अडून बसले. "मॅडम, जो दिसत पण नाही त्याला चार हजार? त्यात मोठा मॉनिटर येईल." मी माझ्या भाच्याची गोष्ट सांगितली. फट्‌ आवाजाची, वासाची, ताईच्या गप्प बसण्याची. ते थोडा वेळ चिठ्ठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ३०४ आणि २०२ सारखं."

मला कळेना. त्यांनीच समजावलं. स्टीलची दोन भांडी शेजारी ठेवली, पॉलिश सारखंच मारलं, तर गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही. पण ३०४ मध्ये निकेल जास्त, २०२ मध्ये कमी. चार वर्षांनी कुठलं गंजतं ते घरच्या बाईला कळतं. "चकाकी आम्हीच मारतो हो," ते हसून म्हणाले. लाइटवाल्या कॅबिनेटचा विषय तिथेच संपला.

मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही तिघं लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण विचारताना कुणी ते नाव घेत नाही. ग्रँट रोड स्टेशन जवळचं, मुंबई सेंट्रलवरूनही चालत जाता येतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, ते लक्षात ठेवा. पुण्याकडच्या वाचकांना हाच अनुभव बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत मिळेल. भाईंदरला सकाळी विरार फास्टमध्ये चढायचं म्हणजे काय, ते आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको.

चार दुकानांत भाव विचारले, वहीत मुलानेच लिहिले. दुकानदार माझ्याशी बोलत आणि वडिलांकडे बघत. पोराने एकाला "बोर्डचा बायोस ५६००जी ला चालेल असं बिलावर लिहून द्याल का?" विचारलं, तेव्हा तो माणूस खुर्चीवर सरळ होऊन बसला. शेवटी पक्कं जीएसटी बिल झालं ते असं. प्रोसेसर ११,८००, ए५२० मदरबोर्ड ५,२००, ८-८ जीबी रॅम ३,४००, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी ३,३००, एसएमपीएस ४,३००, साधं पण तीन पंख्यांचं जाळीदार कॅबिनेट २,४००, २२ इंची फुल एचडी मॉनिटर ७,१००, की-बोर्ड-माउस ९००, यूपीएस २,९००. एकूण ४१,३००. उरलेल्या ७०० मध्ये तिकिटं, वडापाव, उसाचा रस आणि घरी परतताना स्टेशनपासून रिक्षा. सामान लगेजच्या डब्यातून आणलं. मॉनिटरचा खोका वडिलांनी दहिसरपर्यंत डोक्यावर धरला होता, खाली ठेवायला जागाच नव्हती.

हे भाव २०२४ चे आहेत, ते जसेच्या तसे धरू नका. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी प्रचंड लागतेय, आणि रॅम बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत. एसएसडीवरही त्याचा परिणाम झाला. त्यामुळे आज हेच बिल ४२ हजारांत बसणार नाही. अशा वेळी मी काय कमी करेन? आधी मॉनिटर. घरचा टीव्ही एचडीएमआयने जोडून सहा महिने काढता येतात. यूपीएसही थांबू शकतो, निदान चांगला स्पाइक गार्ड तरी लावा. एसएमपीएस मात्र कमी करणार नाही.

दुकानात "जोडून देतो" म्हणाले होते. आम्ही खोकी तशीच घरी आणली. जमिनीवर चादर अंथरून त्या पोरानेच जोडलं, मी पुस्तिका वाचत बसले. या प्रोसेसरला खाली बारीक सुया असतात, कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. त्या अर्ध्या मिनिटात वडील आणि आई दोघं श्वास रोखून उभे होते. सगळं झालं, बटण दाबलं, पंखे फिरले आणि पडदा काळाच. मला वाटलं, झालं, ४१ हजार पाण्यात. खरं म्हणजे मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची वेगळी वीज-पिन लावायची राहिली होती. ती सापडायला पाऊण तास लागला. पुस्तिकेत ती पान ११ वर होती आणि मी ते पान उलटून पुढे गेले होते. पोराने ते मला अजून दोनदा ऐकवलंय.

'असेंबल्ड म्हणजे डुप्लिकेट' असं बरेच पालक मानतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा आपला महासंगणक उभा राहिला. तोही बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर एकमेकांना जोडूनच केला होता. पक्कं बिल आणि प्रत्येक भागाची कंपनीची वॉरंटी असेल तर जोडलेल्या कॉम्प्युटरला नावं ठेवायचं कारण नाही.

शिक्षकांनो, यात आपल्या कामाचं बरंच आहे. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. साध्या एचडीत १२८० गुणिले ७२०, म्हणजे ९,२१,६००. सव्वादोन पट फरक. गेम अडकत असेल तर ठिपके कमी करून बघ, हे त्या मुलाला भागाकारातून कळलं. विजेचंही तसंच. मॉनिटर धरून साधारण १२० वॅट, रोज दोन तास, महिन्याला सात युनिटच्या आसपास. गणित त्यानेच केलं, कारण आईची पहिली हरकत बिलाचीच होती. अर्थिंगबद्दल मात्र मला सांगावं लागलं. आपल्या जुन्या बिल्डिंगींत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे तार असतेच असं नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. आणि खाडीची दमट हवा, रस्त्याची धूळ, त्यामुळे डबा जमिनीवर ठेवू नका.

आता मुख्य आक्षेप. बाई असून पोरांना गेम खेळायला शिकवता? एका सहकारी मॅडमनी स्टाफरूममध्ये मला हेच विचारलं. माझं उत्तर असं की गेम तो आधीही खेळतच होता, आईच्या मोबाईलवर, गोधडीत, रात्री साडेअकराला. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आहे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. पैसे लावून खेळायच्या ॲपवर २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंदी आली, ते चांगलंच झालं. पण तो जुगार आणि व्हॅलोरंट या एक गोष्टी नाहीत, पालकांनी दोन्ही एकाच पिशवीत टाकू नयेत.

आणि खोटं कशाला सांगू, कॉम्प्युटर आल्यावर त्याचे गणिताचे गुण काही वाढले नाहीत. दोन तास ठरले होते, सुट्टीत चार होतात. आठवीत सहामाहीला घसरला, तेव्हा वडिलांनी महिनाभर वायर काढून कपाटात ठेवली होती. मला त्यांनी विचारलं नाही, विचारलं असतं तरी मी तेच सांगितलं असतं.

आता तो नववीची परीक्षा देतोय. गणपती, दिवाळी, आजीकडचे असे नऊ हजार साठलेत. त्याला आरएक्स ६६०० कार्ड हवंय, ८ जीबीचं. कार्ड १३२ वॅट घेतं, कंपनी ४५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, आपला ५५० चा आहे, हे त्याने मला न विचारता सांगितलं. नवं परवडत नाही. एकाकडे वापरलेलं साडेअकरा हजारांना मिळतंय, बिल नाही. माझ्या मते घेऊ नये. २०२२ पर्यंत अशी कार्डं क्रिप्टो मायनिंगला दिवसरात्र चालवली जात होती, बिलाशिवाय त्याचा इतिहास कळणार कसा? तो म्हणतो, "बाई, दुकानात लावून तासभर चालवून बघू, तापमान बघू, मग ठरवू." वडील या वेळी त्याच्या बाजूने आहेत. अडीच हजार ते घालणार म्हणतात.

परीक्षा संपल्यावरच्या पहिल्या शनिवारी जायचं ठरलंय. मी अजून नाहीच म्हणतेय. तिकिटं तो काढणार आहे.